‘जिगरबाज’ म्हणू नका त्यांना

ऑफ-रोड रेसरवरचा लेख उघडला की पहिल्या परिच्छेदात काय असणार हे मला आता न वाचताच कळतं. ‘मृत्यूला हुलकावणी देणारा’, ‘रक्तातच पेट्रोल’. मग गाडी कुठली, किती सीसीची, ट्रॉफ्या किती. मग मोडलेल्या हाडांची यादी, कॉलरबोनपासून घोट्यापर्यंत, जणू तीही पदकंच. शेवटी ‘स्वप्नं बघा आणि झोकून द्या’. नाव बदललं की हाच लेख दुसऱ्या कुणालाही चालतो.

गेली काही वर्षं मी हे लेख, मुलाखती झपाटल्यासारखा वाचतोय, रात्री जागून स्टेजचे, म्हणजे रॅलीतल्या एकेका दिवसाच्या टप्प्याचे, निकाल बघतोय, आणि माझी तक्रार वाढतच चाललीय. या माणसांत जिगर नाही असं कोण म्हणेल? पण जिगर ही त्यांच्याकडची सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे. पहिल्याच दिवशी वाळूत आडवे होऊन घरी जाणाऱ्यांकडेही ती भरपूर असते. जो शेवटपर्यंत पोचतो त्याच्याकडे आणखी काय असतं, ते कुणी लिहीत नाही.

डकार रॅलीचंच घ्या, वाळवंटातून दोन आठवडे चालणारी शर्यत. १९७८ च्या डिसेंबरात पॅरिसहून पहिल्यांदा सुटली, मधली दहा-अकरा वर्षं दक्षिण अमेरिकेत होती, २०२० पासून सौदी अरेबियात. आपल्याला व्हिडिओत दिसते ती वाळूच्या टेकाडावरून घेतलेली उडी. पण मोटरसायकलवाल्याची नजर सतत समोरच्या वाळूवर नसते, ती दर थोड्या वेळानं हँडलवरच्या रोडबुकवर, म्हणजे वाटेच्या खुणांच्या पट्टीवर, जात असते. डावीकडे अंतर, मधे वाटेचं काड्यांसारखं छोटं चित्र, उजवीकडे सूचना. पुढे खड्डा असेल तर उद्गारचिन्ह. एक असेल तर जपून, दोन असतील तर फारच जपून, तीन असतील तर गप वेग सोडायचा. कुठे वाटच नसते, नुसती होकायंत्राची दिशा दिलेली असते: अमुक अंशात इतके किलोमीटर जा. जीपीएस असतो, पण तो वाट दाखवत नाही. ठरलेल्या बिंदूच्या जवळ पोचलात की तेवढी खूण पटवतो.

आणि हे सगळं फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभं राहून, शंभरच्या वर वेगात, डाव्या अंगठ्यानं पान पुढे सरकवत वाचायचं. पुढच्याच्या चाकोरीवर विसंबावं तर तोच चुकलेला असू शकतो. मग दोघंही वाळवंटात गोल गोल. मला हे शर्यतीपेक्षा परीक्षेच्या जवळचं वाटतं. फरक इतकाच, की पेपर सोडवताना बाकडं उड्या मारत नाही.

त्यात आणखी एक गंमत आहे. आज स्टेज जिंकणारा उद्या सगळ्यांच्या आधी सुटतो. त्याच्यापुढे कोरी वाळू, मागच्यांना त्याच्या चाकांची आयती रेघ. म्हणून मुरलेले रायडर कधीकधी मुद्दाम स्टेज जिंकायचं टाळत, शेवटच्या टप्प्यात वेग कमी करत. वाट काढणाऱ्याला बोनस सेकंद मिळायला लागल्यापासून हे गणित बदललंय, पण गणित आहेच. २०२३ मध्ये शेवटच्या स्टेजला सुटताना टोबी प्राइस केविन बेनाविदेसच्या १२ सेकंद पुढे होता, आणि संपली तेव्हा बेनाविदेस ४३ सेकंदांनी जिंकला होता. ४४ तासांहून जास्त गाडी चालवल्यावर ४३ सेकंद! पाणी प्यायला थांबलात तरी तेवढे जातात. तिथे झोकून देणारा जिंकत नाही, चौदा दिवस हिशोब न चुकवणारा जिंकतो.

स्पेनची रायडर लाया सान्स हिच्याबद्दल तर मला भांडायचंच आहे. तिच्यावरच्या लेखात ‘पुरुषांच्या खेळात एक स्त्री’ हे वाक्य हमखास येतं आणि तिथेच लेख संपल्यात जमा होतो. अहो, २०११ ते २०२१ ती मोटरसायकलवर अकरा डकार सुटली आणि अकराही पूर्ण केल्या. २०१५ मध्ये सगळ्यांत मिळून नववी आली. अकरापैकी अकरा! या रॅलीत नावाजलेले विजेतेही मधेच गाडी सोडून हेलिकॉप्टरनं परततात. हे तिला जमलं कशामुळे? ती ट्रायलमधून आली, तिथे महिलांची तेरा वेळा जगज्जेती. ट्रायलमध्ये वेगाला किंमत नाही. दगडाधोंड्यांवरून गाडी न्यायची आणि पाय जमिनीला टेकला की दंडाचे गुण. म्हणजे लहानपणापासून ती शिकलीय ते पडायचं कसं नाही, हे. ग्रॅहम जार्विसही त्याच शाळेतला. ऑस्ट्रियातल्या एर्झबर्गच्या लोखंडाच्या खाणीतल्या शर्यतीत ५०० जण सुटतात आणि शेवटाला पोचणारे काही वर्षी तर बोटांवर मोजावे लागतात. तिथे २०१९ मध्ये हा चव्वेचाळिसाव्या वर्षी जिंकला. त्याला चालवताना बघितलं तर कंटाळा येईल इतका शांत. चढ समोर आला की हा थांबतो, बघतो, आणि एकदाच जातो.

आता कुणीतरी प्राइसचं मनगट काढणारच. मान्य. २०१३ मध्ये त्याच्या मानेचे मणके मोडले, २०१६ मध्ये त्यानं डकार जिंकली, आणि २०१९ मध्ये मनगटाचं हाड मोडलेलं असताना परत जिंकली. मीही तेव्हा ती बातमी दहा जणांना पाठवली होती. आज पाठवणार नाही. एक तर ते वाचून कोवळी पोरं मोडक्या हाडानिशी गाडीवर बसतात. दुसरं म्हणजे त्याच माणसाचा २०२१ चा किस्सा मला जास्त आवडतो. मॅरेथॉन स्टेज होती, म्हणजे रात्री मेकॅनिकची मदत नाही. मागचा टायर फाटलेला. त्यानं तो चिकटपट्टी आणि प्लॅस्टिकच्या झिप-टायनी बांधला आणि दुसऱ्या दिवशी त्याच टायरवर शेकडो किलोमीटर काढले, टायर टिकेल इतपतच पिळत. त्याच्या पुढच्याच स्टेजला तो पडून बाहेर गेला, ते वेगळं. पण प्राइस कोण आहे ते मला त्या टायरवरून कळलं.

आपल्या सी. एस. संतोषचंही तेच. २०२१ चा अपघात आणि त्यानंतरचा कोमा सगळ्यांना आठवतो. २०१५ मध्ये डकारला उतरलेला तो पहिला भारतीय होता, आणि पहिल्याच खेपेला शेवटपर्यंत जाऊन ३६ वा आला, हे किती जणांना आठवतं? हरिथ नोआ २०२४ मध्ये एकूण अकरावा आला आणि रॅली-२ या दुसऱ्या फळीच्या वर्गात पहिला. त्याची बातमी मला शोधून वाचावी लागली. पडला असता तर आपोआप दिसली असती.

आणि क्वाडवाले, म्हणजे एटीव्हीवाले? त्यांच्या वाट्याला तर हे साचेबंद लेखही येत नाहीत. चार चाकं, म्हणजे सोपी, असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटायचं. एकदा एक स्पोर्ट क्वाड चालवायला मिळाली. पहिल्या वळणाला मी मोटरसायकलच्या सवयीनं आत झुकलो. मी झुकलो, क्वाड नाही झुकली. ती सरळ झुडपात. मागच्या दोन्ही चाकांना एकच अखंड अ‍ॅक्सल (आस), दोन्ही सारख्याच वेगानं फिरणार, त्यामुळे तिला मुळात वळायचंच नसतं. मागचा भाग घसरवून वळवावी लागते आणि त्याच वेळी अख्खं अंग वळणाच्या आतल्या बाजूला गाडीबाहेर काढावं लागतं, नाहीतर ती तुम्हाला बाहेर फेकते. वर थ्रॉटल अंगठ्याचा. मूठ पिळायची नाही, उजव्या अंगठ्यानं दाबून धरायचा. मला वीस मिनिटांत अंगठा आहे की नाही ते कळेना. संध्याकाळी शर्टाची बटणं डाव्या हातानं काढली.

अमेरिकेत जीएनसीसी नावाची मालिका आहे, जंगलातून, चिखलातून, झाडांच्या मधून. एटीव्हीची मुख्य शर्यत साधारण दोन तासांची. सुरुवातीला इंजिनं बंद ठेवून रांगेत उभं राहायचं. बिल बॅलन्सनं तिथलं एटीव्हीचं विजेतेपद २००० ते २००८ सलग नऊ वर्षं जिंकलं. नऊ! डकारच्या क्वाड वर्गात मार्कोस आणि आलेहांद्रो पात्रोनेली या दोन भावांची मिळून पाच विजेतेपदं. निकोलास काविग्लियासोनं २०१९ मध्ये दहापैकी जवळजवळ सगळ्याच स्टेज जिंकल्या. यातलं एकही नाव ऐकलेलं नसेल तर तुमचा दोष नाही. आणि २०२४ नंतर डकारनं तो वर्गच बंद केला. त्याबद्दल दोन ओळींची बातमी आली.

थांबण्याबद्दलही लिहायला हवं. २०१६ मध्ये पाउलो गोन्साल्विस स्वतः जिंकण्याच्या शर्यतीत असताना मांडी मोडून पडलेल्या मातियास वाल्कनरपाशी थांबला. थांबलेला वेळ आयोजक नंतर परत देतात, पण थांबताना तुटलेली लय कोण परत देणार? २०२० मध्ये गोन्साल्विस स्वतः सातव्या स्टेजला पडला आणि गेला. त्याच्यापाशी पहिल्यांदा पोचला आणि थांबून राहिला तो प्राइस. एर्झबर्गला २०१५ मध्ये तर एका चढावर सगळेच अडकले, तेव्हा पुढच्या चौघांनी एकमेकांच्या गाड्या ओढून वर काढल्या आणि शेवटची रेषा एकत्र ओलांडली. वॉकर, जार्विस, लेटनबिश्लर, गोमेझ. पहिल्या क्रमांकावर चौघंही.

तुमच्यापैकी कुणी या खेळावर लिहीत असेल तर एक विनंती. ट्रॉफ्या आणि एक्स-रे राहू द्या, ते नेटवर सापडतात. मोटरसायकलवाला भेटला तर शेवटची वाट कधी आणि कशी चुकली ते विचारा. आणि क्वाडवाला भेटलाच, तर आधी अंगठ्याचं विचारा.