सहा महिन्यांचा कोर्स आणि तुमचे चुलते : एका कमेंटला उत्तर

दादा, तुमची कमेंट रात्रीच वाचली पण घाईघाईत काही लिहावं वाटलं नाही. तुमचं म्हणणं असं की एमडीआर टीबी, म्हणजे नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणारा (रेझिस्टंट) टीबी, सहा महिन्यांत बरा होतो हे मी लिहिलं ती निव्वळ जाहिरात, कारण तुमच्या चुलत्यांनी दोन वर्षं गोळ्या खाल्ल्या, सुया घेतल्या, कान गेले अन् शेवटी तेही गेले. वर मी 'गोळ्या चुकवल्या की रेझिस्टन्स' लिहून दोष पेशंटवरच टाकला.

दुसरं एकदम मान्य. माझ्या धाकट्या भावाने आयुष्यात टीबीची एक गोळी खाल्ली नव्हती तरी पहिल्याच सीबीनॅटला, म्हणजे बेडक्यात टीबीचा जंतू अन् त्याचा रेझिस्टन्स शोधणाऱ्या मशीनच्या तपासणीत, रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला रेझिस्टंट आला, म्हणजे कुणाच्या तरी खोकल्यातून जंतूच तसला आला. घरात हे झालेलं असून मी तसं वाक्य लिहिलं, आता काय बोलायचं. अन् दसऱ्यानंतर कोयता घेऊन कारखान्यावर जाणाऱ्या माणसाच्या गोळ्या तुटल्या तर तो काय हौसेनं तोडतो का.

पण सहा महिन्यांचं खोटं नाही. चुलत्यांच्या वेळचा कोर्स वेगळा होता, त्या कानामायसिनच्या सुयांनीच लोकांचे कान जायचे आणि बरे व्हायचे ते निम्म्याच्या आसपास. नवा कोर्स बीपाल्म, म्हणजे बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन, सगळ्या गोळ्याच, भारतात मंजुरी सप्टेंबर 2024 ची. बेलारूस, दक्षिण आफ्रिका आणि उझबेकिस्तानातल्या ट्रायलमध्ये याने 100 पैकी 89 जणांचा निकाल चांगला आला, जुन्या पद्धतीत 52 चा. सगळ्यांना मात्र हा चालत नाही, गरोदर बाई, 14 वर्षांखालचं लेकरू, मेंदूचा किंवा हाडाचा टीबी असला की दुसरा लांबचा कोर्स, हे मी लिहायला पाहिजे होतं.

आणि सोपा तर अजिबात नाही. लिनेझोलिडने भावाच्या पायाला अशा मुंग्या आल्या की चप्पल अंगणातच निसटली अन् हा अनवाणी रस्त्यापर्यंत गेला, त्याला पत्ताच नाही! मग डॉक्टरांनी लिनेझोलिडचा डोस 600 मिलिग्रॅमचा 300 केला. बेडाक्विलिनमुळे हृदयाचे ठोके बिघडू शकतात म्हणून अधूनमधून ईसीजी, लिनेझोलिडमुळे रक्त कमी होतं म्हणून तीही तपासणी, प्रत्येक वेळी तालुक्याहून जिल्ह्याला एसटीने. पोषणाचे सरकारकडून महिन्याला 1000 रुपये मिळतात, पूर्वी 500 होते, त्यात अंडी तरी किती येणार.

शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की चुलतीलाही महिनाभर खोकला आहे अन् मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिक चालू आहे. ते आधी बंद करा बरं, त्यातल्या काही गोळ्या टीबीला तात्पुरतं दाबतात अन् निदान लांबतं. साधा टीबी आणि रेझिस्टंट टीबी दोन्हीत खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं सारखंच, एक्स-रेवरही फरक कळत नाही. सकाळी उठल्या उठल्या छातीतून काढलेला बेडका डबीत घ्या, लाळ नको, आणि सरकारी दवाखान्यात देताना नवऱ्याला एमडीआर होता हे स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.