ढेकूण कोणाचे, वाळवी कोणाची?

भुसावळच्या आमच्या घरमालकांच्या ग्रुपवर परवा एक मेसेज फिरत आला: "ढेकूण, झुरळं, वाळवी, काहीही झालं तरी ते भाडेकरूचंच. कायदाच तसा आहे. खर्च डिपॉझिटमधून कापा. ढेकणांना सल्फासच्या दोन गोळ्या ठेवून खोली बंद करा." माझ्याही दोन खोल्या भाड्याने आहेत, म्हणजे मेसेज माझ्या फायद्याचा. पण खोटा.

कायदा तसा नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम १४ बघा. करारात वेगळं ठरलं नसेल, तर घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं मालकाकडे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही मालक हलला नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. म्हणजे कापाकापी आहे, पण उलट्या बाजूने! कलमात किड्यांचं नाव नाही, हे खरं. आणि ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सला आधी करार बघतात. त्यात पेस्ट कंट्रोलची ओळ किती जणांनी घातली आहे? मीही नव्हती घातली.

वाळवीचं तर बोलूच नका. मागल्या पावसाळ्यात खालच्या खोलीतल्या ताई म्हणाल्या, "दादा, चौकट पोकळ व्हई गयी." बोटाने दाबलं तर रंगाचा पापुद्रा आत गेला. मागे पेन्सिलीएवढी मातीची नळी, थेट जोत्यापासून वर चढलेली. ती जमिनीतून आली होती, ताईंच्या ट्रंकेतून नाही. फरशीला भोकं पाडून औषध सोडायचं तर ते मालकानेच. भाडेकरूला खिळा ठोकू देत नाही आपण.

ढेकणांबाबत मेसेज अर्धा बरोबर. जुनी गादी, बाज, प्रवासातली बॅग यांतून ते येतात. पण आधीच्या भाडेकरूचे ढेकूण रिकाम्या खोलीच्या फटीत उपाशी कित्येक महिने काढतात. त्यामुळे चावी देतानाच दोघांनी टॉर्च घेऊन फटी बघाव्यात, फोटो काढावेत. नंतर "तुझे की माझे" ठरत नाही.

झुरळं: खरकटं भाडेकरूचं, फुटलेलं चेंबर मालकाचं.

राहिल्या गोळ्या. सल्फास धान्याच्या साठ्यासाठी, तीही तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो आणि दाराखालून, छताच्या फटीतून शेजारच्या खोलीत झोपलेल्यांपर्यंत जातो. या विषाला उतारा नाही. बाकीचं पटो न पटो, ही ओळ ज्यांनी पुढे पाठवली त्यांनी आज ती डिलीट करावी आणि ज्यांना पाठवली त्यांना फोन करावा.