‘टाकीभर शी आणि तीन मेलेले मासे’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू आला त्याच रात्री वाचला. उत्तराला चार दिवस लावले, कारण पहिल्या रात्री लिहिलं असतं तर ते भांडण झालं असतं. तीन मासे तुमचे गेलेत, तेव्हा भांडायचा हक्क असलाच तर तो तुमचा.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी तक्रार थोडक्यात सांगतो. ताईंनी आमच्याकडून ६० लिटरची टाकी, स्पंज फिल्टर, एअरपंप, चार गोल्डफिश आणि एक सकर (तोंडाने काचेला चिकटून राहणारा मासा) असं सगळं एकाच दिवशी नेलं. सकर घाण खातो, टाकी साफ ठेवतो, असं आमच्याकडच्या मुलाने सांगितलं. आठवड्यात तळाला शीचा थर बसला. मग त्यांनी दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करून खडी आणि स्पंज नळाखाली घासून धुतले. पंपाचा आवाज होतो म्हणून रात्री फिल्टर बंद ठेवला. तरी पाणी दुधाळ, मासे वर येऊन तोंड उघडझाप करणारे, एकाची शी पांढऱ्या दोऱ्यासारखी लोंबणारी, आणि तीन आठवड्यांत तीन गोल्डफिश गेले. फोन केला तर ‘पाणी बदला’ एवढंच ऐकायला मिळालं. फिल्टर बोगस, मासे आजारी, एक स्टार.

सकरबद्दलचं ते वाक्य चुकीचंच आहे, आणि तो मुलगा ते माझ्याकडूनच ऐकून शिकलाय. सकर शी खात नाही. काचेवरचं शेवाळ खरवडतो, तळाला पडलेला दाणा खातो आणि स्वतः दिवसभर लांबच लांब शी करत फिरतो. साधा सकर वाढला की फूटभराचा होतो. म्हणजे घाण कमी करायला आम्ही तुम्हाला घाण करणारा पाचवा गडी दिला. दुसरं, टाकी आणि मासे एकाच दिवशी द्यायला नको होते, आणि ६० लिटरमध्ये चार गोल्डफिश तर कधीच नको. फोनवरचं उत्तरही अर्धवट होतं. ‘पाणी बदला’ म्हणजे किती, हे न सांगता फोन ठेवला तर माणूस सगळंच बदलणार.

फिल्टर मात्र बोगस नव्हता. तुम्ही रिव्ह्यूला जोडलेला दुसरा फोटो मी बराच वेळ बघत बसलो होतो. कपड्यांच्या दोरीवर, दोन मोज्यांच्या मध्ये, चिमटा लावून वाळत घातलेला स्पंज. अगदी नवाकोरा दिसतोय. तुम्ही किती स्वच्छता ठेवली हे दाखवायला तो फोटो टाकलाय, आणि मला त्यात मासे का मेले ते दिसलं.

स्पंजाचं काम शी अडवणं एवढंच असतं तर तुम्ही केलंत ते बरोबर होतं. पण स्पंजात अडकलेली शी टाकीबाहेर गेलेली नसते, नुसती नजरेआड झालेली असते. ती तिथेच कुजत राहते आणि तिच्यातून अमोनिया सुटतो, तो माशांना विष. स्पंजाचं खरं काम त्याच्या भोकाभोकांत राहणाऱ्या जिवाणूंचं आहे. हात लावला तर किंचित बुळबुळीत लागतो तो थर. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि काही नायट्राइटचं नायट्रेट, जे माशांना त्यामानाने सोसतं. ही वस्ती नीट बसायला महिना ते दीड महिना लागतो. तुम्ही दर सात दिवसांनी ती नळाखाली धरलीत. नळाच्या पाण्यात क्लोरीन घालतात तो जिवाणू मारायलाच. त्यातूनही कोणी वाचले असतील ते दोरीवर उन्हात गेले. आणि रात्री फिल्टर बंद म्हणजे स्पंजातून वाहणारं पाणी थांबलं, तिथला ऑक्सिजन संपत आला. नव्याने बसू पाहणाऱ्यांचीही रोज रात्री उपासमार.

आता शीबद्दल, कारण तुमचा सगळा रोष तिच्यावर आहे. शी दिसते म्हणून तिचा राग येतो. पण माशाच्या अंगातला बहुतेक अमोनिया शीतून बाहेर पडतच नाही, तो कल्ल्यांतून थेट पाण्यात उतरतो. १९२९ साली होमर स्मिथ या शरीरशास्त्रज्ञाने कार्प आणि गोल्डफिश याच माशांवर प्रयोग केले होते. मूत्रावाटे जातो त्याच्या सहा ते दहा पट नायट्रोजन, मुख्यतः अमोनियाच्या रूपात, कल्ल्यांतून जातो, असं त्याला आढळलं. म्हणजे तुम्ही तळ चमच्याने वेचून काढला असता तरी मासा श्वासागणिक पाणी खराब करतच होता. तळाची शी आणि उरलेला दाणा कुजून त्यात भर घालतात, हे खरं. सगळ्यात वाईट तो न खाल्लेला दाणा. शीमधलं बरंचसं माशाने आधीच पचवलेलं असतं, दाणा मात्र सगळाच्या सगळा कुजतो.

थोडा हिशेब करू. चार माशांना मिळून दिवसाला १ ग्रॅम दाणा पडत असेल आणि त्यात ४० टक्के प्रथिनं असतील, तर मत्स्यपालनातल्या नेहमीच्या सूत्राने त्यातून साधारण ३७ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात येतो. ६० लिटरमध्ये तो दिवसाला लिटरमागे ०.६ मिलिग्रॅम झाला. खाणारे जिवाणू नसतील तर सोमवारी ०.६, मंगळवारी १.२, असं करत शनिवारी साडेतीनच्या पुढे. तुम्ही स्वतःच लिहिलंय की तिन्ही मासे शुक्रवारी-शनिवारी गेले, आणि रविवारी टाकी धुतली की उरलेले मासे दोन दिवस टवटवीत असायचे. तुम्ही त्यावरून शी साचल्याने मेले असं ठरवलंत. मी त्याच ओळीवरून अमोनिया म्हणतोय. पाणी तपासलं नव्हतं, तेव्हा शपथेवर नाही सांगणार, पण आजारी मासा वार बघून मरत नाही.

वर येऊन तोंड उघडझाप करणं त्याच्याशी जुळतं. अमोनियाने कल्ले भाजल्यासारखे होतात. पुढच्या टप्प्यात नायट्राइट वाढलं तर ते रक्तात शिरून ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद काढून घेतं, रक्त तपकिरी पडतं. मग पाण्यात बुडबुडे कितीही सोडा, मासा गुदमरतो. पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की किती खारट-अल्कली ते सांगणारा आकडा, किती हेही महत्त्वाचं. तेवढाच अमोनिया असला तरी पीएच ७ पेक्षा ८ असताना त्यातला विषारी भाग जवळपास दहापट असतो, त्यामुळे शेजारच्यांच्या टाकीत चालतं ते तुमच्या टाकीत चालेलच असं नाही. दुधाळपणा हा पाण्यात तरंगणाऱ्या वेगळ्याच जिवाणूंचा. टाकी पार धुवून नवी केली आणि त्यात खाणं पडलं की ते उसळतात. तुमची टाकी दर रविवारी नवी होत होती.

पांढऱ्या दोऱ्याचं. एखाद-दुसऱ्या दिवशी तशी शी दिसली तर बहुधा आतडं रिकामं असतं, बाहेर येतो तो नुसता चिकट पदर. लाल दाणा खाल्ला की शी लाल, हिरवं खाल्लं की हिरवी. आठ-दहा दिवस पांढराच दोरा, मासा खातोय तरी पोट खपाटीला, असं असेल तर जंताची शंका घ्यायची. तुमच्या माशाला जंत नव्हतेच असं मी म्हणणार नाही. पण एका फोटोवरून सगळे मासे आजारी ठरवणं मला पटलेलं नाही.

आता उरलेल्या माशाचं. टाकी पुन्हा पूर्ण रिकामी करू नका. पाणी तपासून अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत एक दिवसाआड पाव टाकी पाणी बदला. नवं पाणी बादलीत घेऊन, त्यात अँटी-क्लोरीन टाकून, टाकीतल्या पाण्याइतकंच कोमट-गार आहे ना हे हात घालून बघून मगच ओता. दाणा दिवसातून एकदाच, मिनिट-दोन मिनिटांत संपेल एवढा. गोल्डफिश कायम उपाशी असल्याचं नाटक करतो. त्याला जठरच नसतं, खाल्लेलं सरळ आतड्यात जातं, त्यामुळे त्याचा चेहरा बघून खायला घालू नका.

शी काढायला सायफनची नळी वापरा. रुंद तोंड खडीत खुपसायचं, खडी नळीत गोल फिरून वर येते आणि परत पडते, शी हलकी असल्याने पाण्याबरोबर बादलीत जाते. खडी वर चढायला लागली की नळीवरचं बोट दाबायचं. दोन-तीन वेळा केलं की हाताला अंदाज येतो. एका आठवड्यात तळाचा एक-तृतीयांश भाग, पुढच्या आठवड्यात पुढचा. खडीलाही जिवाणू चिकटलेले असतात, म्हणून सगळा तळ एका दमात नाही. कोपऱ्यात थोडी शी दिसली तर दिसू द्या. टाकी चालू आहे, शोकेस नाही. बादलीतलं ते पाणी कुंड्यांना घाला, झाडांना त्यातला नायट्रेट आवडतो.

स्पंजातून पाणी जाईना, बुडबुडे मंदावले, तेव्हाच तो काढा आणि सायफनने काढलेल्या त्याच बादलीत दोन-तीनदा पिळा. तपकिरी पाणी निघेल, स्पंज तपकिरीच राहील, तसाच परत लावा. खडी साफ केली त्याच दिवशी स्पंज नको, आठवडाभराने. रात्रीच्या आवाजाला पंप बंद करणं हा उपाय नाही. पंप लाकडावर ठेवला की थरथरतो, त्याच्याखाली चार घड्या करून जुना टॉवेल ठेवा. मात्र तो पाण्याच्या पातळीपेक्षा वर असू द्या, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात येतं. खाली ठेवण्याशिवाय जागा नसेल तर नळीत बसवायचा उलट-वॉल्व्ह आमच्याकडून घेऊन जा.

तीन माशांचे पैसे आम्ही परत देतोय. त्याऐवजी मासे मागाल तर आत्ता देणार नाही, तुम्ही आणखी एक स्टार कमी केलात तरी. दोन आठवडे ओळीने अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसले की या, तेव्हा एक गोल्डफिश देईन. त्या दोघांनाही पुढे मोठी टाकी लागेलच, हे आजच सांगून ठेवतो. सकर परत आणून द्या, त्याचे पैसेही मिळतील. टाकीबरोबर त्याच दिवशी मासे देणं मी या सोमवारपासून बंद केलंय. दोन गिऱ्हाईकं वैतागून निघून गेली, पण ते चालेल.

एवढ्यात जमेल तेव्हा टाकीतलं पाणी बाटलीत भरून आणा, तुमच्यासमोर तपासतो आणि पाणी तपासायच्या किटमध्ये रंग कसा वाचायचा तेही दाखवतो. सकाळी दाणा टाकायच्या आधी भरा, आणि बाटली साबणाने धुतलेली नको.