‘हात लावाल तर किंमत जाईल’: जुन्या गिटारींच्या एका फॉरवर्डला उत्तर

माझ्या एका मित्राच्या मामांनी अमेरिकेत शिकत असताना जुनीच, कुणाकडून तरी घेतलेली १९६६ सालची फेंडर कंपनीची मस्टँग गिटार पुण्यात कपाटात पडून आहे. बिघडलेली नाही. पण पहिले चार-पाच फ्रेट (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) इतके झिजलेत की तार दाबली की नुसती चरचरते. फ्रेट बदलायचं काम एक-दोन दिवसांचं. मित्र मात्र ऐकत नाही, कारण त्याने व्हॉट्सॅपवर एक फॉरवर्ड वाचलाय. तो तुमच्याकडेही आला असेल:

‘जुन्या इलेक्ट्रिक गिटारला कधीही हात लावू नका. एक स्क्रू बदलला तरी निम्मी किंमत गेली. रंग, फ्रेट, पिकअप, सगळं कारखान्यातून निघालं तसंच हवं. मोठ्या कलाकाराने वाजवलेली असेल तर पुसूसुद्धा नका. सीरियल नंबर जुळला की गिटार अस्सल. अशी गिटार म्हणजे सोन्यापेक्षा खात्रीची गुंतवणूक.’

यातलं पहिलं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि त्याच्या आडोशाने बाकीची खपून जातात.

आधी ते अर्धं खरं. जिच्यामागे कुणाचंही नाव नाही अशी पन्नास-साठच्या दशकातली गिटार महाग असते ती ‘जशीच्या तशी राहिली’ म्हणूनच. तिचा मूळ रंग खरवडून कुणी नवा मारला तर किंमत साधारण निम्म्यावर येते, हा धंद्यातला जुना ठोकताळा आहे. पण तो रंगाचा आहे, स्क्रूचा नाही. आणि गिटारीला वादकाचं नाव लागलं की हे गणितच उलटं होतं.

पिंक फ्लॉइड या बँडच्या डेव्हिड गिल्मोरची काळी स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात स्ट्रॅट, फेंडरचंच मॉडेल) घ्या. १९७० मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये पिंक फ्लॉइडचं सामान चोरीला गेलं, त्यानंतर न्यूयॉर्कच्या मॅनीज या दुकानातून त्याने ही घेतली. पुढे तिच्यावर काय काय प्रयोग झाले! नेक, म्हणजे दांडी, कितीदा तरी बदलला. पिकअप (तारांची कंपनं पकडणारे चुंबकी भाग) बदलले. पांढरी प्लेट काढून काळी बसवली. १९८३ मध्ये काहलर कंपनीचा ट्रेमोलो (सूर थरथरवायचा दांडा) बसवायला बॉडीचं लाकूड चक्क कोरून काढलं. नंतर तो ट्रेमोलो काढला आणि खड्डा लाकडाने बुजवला. मधली काही वर्षं ती एका रेस्टॉरंटमध्ये शोभेला टांगलेली होती, तिथून परत आली ती खराब होऊन आणि काही भाग गमावून. मग पुन्हा दुरुस्ती. तो काळा रंगसुद्धा मूळचा नाही, खाली सनबर्स्ट (मध्ये फिकट, कडेला गडद होत जाणारा रंग) आहे. फॉरवर्डच्या हिशेबाने या गिटारीची किंमत शून्याच्याही खाली जायला हवी होती. जून २०१९ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात तिचा अंदाज होता एक ते दीड लाख डॉलर. गेली ३९ लाख ७५ हजारांना.

ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टनची ‘ब्लॅकी’ तर एक गिटारच नाही. १९७० मध्ये नॅशव्हिलच्या एका दुकानातून त्याने सहा जुन्या स्ट्रॅट उचलल्या. तीन मित्रांना दिल्या, त्यात एक बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनला. उरलेल्या तिघींचे चांगले-चांगले भाग जुळवून एक तयार केली. सुट्या भागांची ही गोधडी २००४ मध्ये ९ लाख ५९ हजार ५०० डॉलरना विकली गेली. निर्व्हाना बँडच्या कर्ट कोबेनची १९५९ ची मार्टिन डी-१८ई उजव्या हाताची होती, ती डावऱ्यासाठी फिरवून घेतलेली आणि वर एक जादा पिकअप लावलेली. २०२० मध्ये तिला ६० लाख डॉलर मिळाले.

म्हणून माझं म्हणणं इतकंच: वादकाच्या गिटारीत दुरुस्ती हा डाग नसतो, ती तिच्या आयुष्याची नोंद असते. किंमत खाली येते ती बदल लपवल्यामुळे किंवा कुणी, कधी, काय केलं हे न सांगता आल्यामुळे. गिल्मोरच्या गिटारीचा जवळजवळ प्रत्येक बदल माहीत होता, म्हणून त्यातल्या एकाचीही भीती नव्हती.

‘पुसूसुद्धा नका’ हे वाचून मला आयरिश गिटारवादक रोरी गॅलाघर आठवला. १९६३ मध्ये आयर्लंडच्या कॉर्क शहरात या पोराने १०० पौंडांना १९६१ ची एक सनबर्स्ट स्ट्रॅट उधारीवर घेतली. ती एकदा चोरीला गेली आणि काही दिवसांनी पावसात पडलेली सापडली. बाकीचं काम रोरीच्या घामाने केलं. त्याच्या खारट घामाने वर्षानुवर्षं रंग असा खाल्ला की समोरून जवळजवळ नुसतं लाकूड दिसतं. त्याने पुन्हा रंग दिला नाही, आणि तो शहाणपणाच होता. इथे फॉरवर्डवाल्याचं आणि माझं एकमत आहे. पण वाजण्यासाठी जे लागतं ते तो बदलत राहिला. खुंट्या बघा: पाच एका कंपनीच्या, सहावी दुसरीच. ऑक्टोबर २०२४ मध्ये लंडनला बॉनहॅम्सच्या लिलावात ती ८ लाख ८९ हजार ४०० पौंडांना गेली आणि आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला भेट मिळाली. त्या सहाव्या खुंटीबद्दल कुणी सूट मागितल्याचं ऐकिवात नाही.

आणि हो, पुसा. वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने तारा आणि धातूचे भाग पुसले नाहीत तर आपल्याकडच्या पावसाळ्यात स्क्रू गंजून डोकी तुटतात, मग तो ‘मूळ स्क्रू’ ड्रिलने काढावा लागतो. टाळायचं ते सिलिकॉनचं पॉलिश, आणि त्याहून जास्त रबर किंवा फोमचा स्वस्त स्टँड. जुन्या गिटारींवरचं नायट्रोसेल्युलोज लॅकर (एक प्रकारचं वार्निश) रबराशी रासायनिक भांडण काढतं. गिटार महिनाभर स्टँडवर राहिली की जिथे टेकली तिथला रंग मऊ पडून चिकट डाग उमटतो. हात न लावता झालेलं नुकसान म्हणतात ते हे.

पुढचा मुद्दा, मूळ पिकअप म्हणजे मूळ आवाज. इथे गिब्सन कंपनीच्या १९५९ च्या एका लेस पॉल गिटारीची गोष्ट सांगायलाच हवी. फ्लीटवुड मॅक बँडच्या पीटर ग्रीनची ही गिटार ‘ग्रीनी’ म्हणून ओळखली जाते. दोन्ही पिकअप एकदम चालू केले की ती नाकात बोलल्यासारखी, पोकळ, कुणी तरी दुरून विव्हळावं तशी वाजते. कारण नेकजवळच्या पिकअपमधलं चुंबक उलटं आहे. दोन पिकअपच्या लहरी एकमेकींविरुद्ध जातात, खालचे सूर बरेचसे एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतो तो अनुनासिक आवाज. एकच पिकअप लावला तर गिटार चारचौघींसारखी वाजते. ते चुंबक कसं उलटलं याच्या कहाण्या अनेक आहेत, पण कारखान्याच्या नकाशात ते तसं नव्हतं. म्हणजे जगातला एक अत्यंत ओळखीचा गिटारचा आवाज ही एक चूक आहे. एखाद्या ‘अस्सल’भक्ताने ते चुंबक सरळ केलं असतं तर?

ग्रीनने ती गिटारवादक गॅरी मूरला दिली. मूरने आपली गिटार विकून आलेल्या पैशांत ती घेतली. त्याच्याकडे असताना तिचा नेक मोडला आणि डकवला गेला. सामान्य लेस पॉलमध्ये मोडका नेक म्हणजे मोठी घट. ही मात्र २०१४ मध्ये मेटॅलिका बँडच्या कर्क हॅमेटकडे पोचली, आणि गिब्सनने तिच्या प्रतिकृती काढल्या तेव्हा उलट्या लहरींचा तो आवाजही त्यात मुद्दाम उतरवला.

फ्रेटबद्दल मला फार बोलायचं नाही, कारण मिरजेला जाऊन आलेल्या माणसाला हे समजावावं लागत नाही. तंबोऱ्याची जवारी उतरली की सतारमेकर ती पुन्हा काढतो, घोडी घासतो. त्याने तंबोरा ‘अस्सल’ राहिला नाही असं कुणी म्हणत नाही. न काढलेल्या जवारीचा तंबोराच कुणी मांडीवर घेत नाही. फ्रेट, नट (दांडीच्या टोकाची खाचांची पट्टी), तारा या झिजायच्याच वस्तू आहेत. अमेरिकन गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉनने आपल्या लाडक्या स्ट्रॅटला जाड फ्रेट इतक्या वेळा घालून घेतले की शेवटी त्या नेकमध्ये नवे फ्रेट धरेनात आणि नेक बदलावा लागला. आणि ती गिटारही भेळच: बॉडी एका सालची, पिकअप दुसऱ्याच सालचे.

आता सीरियल नंबर. फॉरवर्डमधलं हे वाक्य सगळ्यात धोक्याचं, कारण यात माणसं पैसे घालवतात.

साठच्या दशकातल्या फेंडरचा नंबर नेकमागच्या धातूच्या पट्टीवर असतो. ती पट्टी चार स्क्रूंवर बसते. स्क्रू-ड्रायव्हर असलेला कुणीही पाच मिनिटांत ती दुसऱ्या गिटारीला लावू शकतो. शिवाय कारखान्यातही पट्ट्या डब्यातून हाताला येईल तशा उचलून लावत, त्यामुळे नंबरावरून फार तर अंदाजे साल कळतं. जाणकार माणूस नेक उतरवून बुंध्यावरची पेन्सिलची किंवा शिक्क्याची तारीख बघतो. मग आत पॉटवरचा (आवाजाच्या घुंडीखालच्या भागावरचा) आकडा: ३०४ ने सुरू झाला तर स्टॅकपोल कंपनी, १३७ ने झाला तर सीटीएस, पुढे साल आणि आठवडा. ३०४६३२० म्हणजे १९६३ चा विसावा आठवडा. तोही फक्त एवढंच सांगतो की गिटार त्याआधीची नाही. फेंडरने १९६६ चे पॉट नंतर कित्येक वर्षं वापरले. मग सोल्डरला कुणी हात लावलाय का ते पाहायचं. मग अंधारात अतिनील दिव्याखाली: जुनं लॅकर पिवळट-हिरवट चमकतं, वरून मारलेला नवा रंग वेगळा उठून दिसतो. १९५८ ते ६० मधल्या सनबर्स्ट लेस पॉलच्या बाबतीत तर ही तपासणी म्हणजे जीव की प्राण. त्या दीड हजारांच्या आसपासच बनल्या. आधीच्या सोनेरी लेस पॉल खरवडून ‘सनबर्स्ट’ करण्याचा उद्योग जुना आहे.

नामवंताच्या गिटारीत तर नंबरपेक्षा लाकूड जास्त खरं बोलतं. कॅनडाच्या गिटारवादक रँडी बाखमनची १९५७ ची ग्रेच कंपनीची गिटार टोरंटोच्या हॉटेलातून सत्तरच्या दशकात चोरीला गेली. २०२० मध्ये एका चाहत्याने जुन्या चित्रीकरणात दिसणारी लाकडाची गाठ आणि रेषा इंटरनेटवरच्या फोटोंशी ताडून पाहिल्या आणि ती जपानमधल्या एका संगीतकाराकडे सापडली. १ जुलै २०२२ ला टोकियोत तिच्याबदल्यात तसलीच दुसरी देऊन बाखमनने ती परत घेतली. बीटल्सच्या जॉन लेननची १९६३ मध्ये हरवलेली गिब्सन जे-१६०ई अर्ध्या शतकाने ओळखू आली, तेव्हाही नंबराच्या जोडीला ओरखडे आणि लाकडाच्या रेषांनी साक्ष दिली.

आणि बीटल्सच्याच पॉल मॅकार्टनीचा बास गिटार. १९६१ मध्ये हॅम्बर्गला सुमारे ३० पौंडांना घेतलेला हॉफनर कंपनीचा बास, १९७२ च्या ऑक्टोबरात लंडनच्या नॉटिंग हिलमध्ये व्हॅनमधून चोरीला गेला. पन्नासेक वर्षांनी तो इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका घराच्या पोटमाळ्यावर निघाला. आता गंमत बघा. १९६४ मध्ये त्याला नवा रंग दिला होता आणि दोन्ही पिकअप एका लाकडी चौकटीत बसवले होते. हजारो हॉफनरमध्ये तो वेगळा कळतो तो त्या दुरुस्तीमुळे. ‘कारखान्यातून निघाला तसा’ राहिला असता तर ओळख पटवायला खूण कुठली? परत आल्यावर त्याची मोडतोड पुन्हा दुरुस्त झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये लंडनला मॅकार्टनीने तो मंचावर वाजवला.

राहिली गुंतवणूक. रोरीच्या गिटारीवर हातोडा पडला ७ लाख पौंडांवर. घेणाऱ्याने मोजले ८ लाख ८९ हजार. मधले पैसे लिलावघराचे. म्हणजे सोन्याची घडणावळ इथेही आहे, आणि सराफापेक्षा जड. २००८ च्या मंदीनंतर जुन्या गिटारींचे भाव घसरले आणि बरीच वर्षं वर आले नाहीत. गिटार चोरीची निघाली तर भावाचा प्रश्नच उरत नाही. परदेशातून मागवणार असाल तर आणखी एक: साठच्या दशकातल्या बऱ्याच गिटारींचा फिंगरबोर्ड (दांडीवरची लाकडी पट्टी) ब्राझिलियन रोजवुडचा असतो, आणि १९९२ पासून त्या लाकडाच्या सीमापार व्यवहाराला कडक परवाने लागतात. हे सोन्याला लागत नाहीत.

मित्राला हे सगळं सांगितलं. तो दोन आठवडे गप्प होता. मग गिटार घेऊन आला. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढले, नेक उतरवून बुंध्यावरच्या शिक्क्याचाही. जुने फ्रेट एकेक करून निघाले, ते त्याने एका पाकिटात भरले, वर तारीख आणि ज्याने काम केलं त्याचं नाव लिहिलं, आणि पाकीट केसच्या खणात मामांच्या तारा छेडायच्या जुन्या पिकशेजारी ठेवलं. तारा चढवल्या तेव्हा मामा व्हिडिओ कॉलवर होते. त्यांचा पहिला प्रश्न किमतीचा नव्हता. ‘तिसरी तार अजून सुरातून उतरते का रे?’ असं त्यांनी विचारलं. उतरते.