ताशी आठ किलोमीटर

फ्रान्समधल्या कनाल द्यु मिदी या कालव्यावरचा बोटीचा प्रवास म्हणजे निवांतपणा, असं सांगणाऱ्यांनी हातात दोर कधी धरलेला नसावा. इथे भाड्याची बोट चालवायला परवाना लागत नाही. बोटवाला थोडं काहीतरी शिकवतो आणि ते धूड तुमच्या हवाली करून जेवायला जातो. आमच्यात भाऊजी कॅप्टन झाले, कारण टोपी त्यांच्याकडे होती. धाकट्या जावेकडे नकाशा, नवऱ्याकडे सल्ला आणि माझ्याकडे दोर.

वेगमर्यादा ताशी आठ किलोमीटर. काठाने कुत्रा घेऊन चाललेले एक आजोबा आम्हाला मागे टाकून गेले आणि पुढच्या गावातून पाव घेऊन परतताना पुन्हा भेटले. चाक फिरवलं की बोट आधी त्यावर विचार करते. तोवर भाऊजी आणखी फिरवतात, मग ती दोन्ही वेळचं एकदम ऐकते. काठाच्या प्लेन वृक्षांना दोर बांधायचीही सोय नाही. बुरशीच्या रोगाने 2006 पासून हजारो झाडं तोडावी लागली आहेत आणि दोरांवरून तो रोग पसरतो. थोडक्यात, थांबायचं तर खुंटा शोधा, नाहीतर खुंटा ठोका.

हा कालवा पिएर-पॉल रिके या मिठावरचा कर गोळा करणाऱ्या गृहस्थाने बांधला. काम 1666 साली सुरू झालं, कालवा 1681 मध्ये खुला झाला आणि रिके 1680 मध्येच वारला. स्वतःच्या कालव्यातून सहकुटुंब जाण्याची वेळ बिचाऱ्यावर आली नाही. त्याची लॉक, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोटीला वर-खाली नेणारे दारांचे हौद, लंबगोल आहेत, कारण सरळ भिंती मातीच्या रेट्याने ढासळायच्या. अभियांत्रिकी म्हणून थोर. पण गोल भिंतीला सरळ बोट टेकवायची कशी, हे त्याने कुठे लिहून ठेवलेलं नाही.

कास्तेलनोदारीला दुपारी पांढऱ्या घेवड्याचं आणि मांसाचं भरभक्कम कासुले जेवून आम्ही लॉकमध्ये शिरलो. उतरताना दोर खुंट्याला नुसता वळसा घालून हातात धरायचा असतो. पाणी खाली जाईल तसा सैल सोडत राहायचा. "घट्ट बांध गं, सुटेल!" हा नवऱ्याचा सल्ला. बांधला. पाणी खाली गेलं, बोटीचं एक टोक वरच राहिलं. आतून भांडी एकेक करून बाहेर यायचा प्रयत्न करू लागली. लॉकवाला वरून फ्रेंचमध्ये ओरडला. माझं फ्रेंच यथातथाच, पण हे वाक्य पूर्ण कळलं. पाणी थांबवून त्याने गाठ सोडवली आणि घड्याळ बघितलं. त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत लॉक बंद असतात.

कार्कासोनचा किल्ला मात्र बघावाच. या शहराने रिकेला पैसे द्यायला नकार दिला, म्हणून त्याने कालवा बाहेरूनच नेला. तो गावात आला थेट 1810 साली. भाऊजींना हा बाणेदारपणा फार आवडला. बाकी गावांत आम्ही पोचायचो ते दुकानांची दारं लागता लागता.

आर्जांसच्या लॉकपुढे मात्र 54 किलोमीटर एकही लॉक नाही. दोर कोरडा, मी मोकळी. कापेस्तांचा ठेंगणा पूल तेवढा आला. सगळ्यांनी छतावर लोटांगण घातलं, कॅप्टनची टोपी पाण्यात. ती काढायला नवऱ्याने सल्ला दिला.

मग बेझियेजवळचं फोंसेरान: एकाला एक चिकटलेली लॉक, जिन्यासारखी, एकवीस मीटरचा उतार. दोन्ही बाजूंना बघ्यांची ही गर्दी! भाऊजींनी नवीन टोपी सरळ केली, लोकांना हात केला आणि बोट भिंतीवर अशी आदळली की टाळ्या पडल्या. "वहिनी, दोर!" दोर फेकला. तो आइस्क्रीम खाणाऱ्या एका काकूंनी झेलला. पुढच्या टप्प्यापर्यंत आमचे चाहते तयार झाले होते. एक पोरगं तर आमच्याबरोबर शेवटपर्यंत काठाने उतरत आलं, एकही आपटी चुकू नये म्हणून.