नुसतं बसायला जायचंय, व्हिसा कुठला?

टूरवाल्यांबरोबर युरोपला जाणं सोपं आहे हो. पैसे भरा, पासपोर्ट द्या, पेन्सिलने फुल्या मारून ठेवलेल्या असतात तिथे सह्या करा, आणि मग पहाटे सहाला बॅगा खोलीबाहेर ठेवून दिवसाला एक देश या वेगाने हिंडा, संध्याकाळी वरणभात आहेच. ते आम्ही फार वर्षांपूर्वी केलंय. मला आयफेल टॉवरपेक्षा तिथल्या बाथरूमची रांग जास्त आठवते. म्हणून ह्यांच्या रिटायरमेंटनंतर मी जाहीर केलं की आता जायचं तर दीड-दोन महिने जायचं, एका जागी राहायचं, सकाळी पाव आणायला निघायचं, दिसेल त्या बाकावर बसायचं आणि घरी यायचं. नणंदेचा मुलगा जर्मनीत फ्रायबुर्गला आहे, तो फोनवर म्हणाला, "मामी, या की, कितीही दिवस राहा."

कितीही दिवस हे भाच्याने म्हणायला ठीक आहे, सरकारं असलं काही म्हणत नाहीत.

सोसायटीत बातमी फुटली आणि सल्ले सुरू झाले. दुसऱ्या मजल्यावरचे काका मुलीकडे अमेरिकेला जाऊन-येऊन असतात, ते म्हणाले, "आमच्याकडे दहा वर्षांचा आहे, तुम्ही पण तोच मागा ना!" आता अमेरिकेचा व्हिसा दहा वर्षांचा असतो म्हणजे दहा वर्षं दारापर्यंत जाता येतं, आत किती राहायचं ते तिथल्या एअरपोर्टवरचा माणूस ठरवतो, साधारण सहा महिने देतो. हे काकांना माहीत आहे, पण दहा म्हणताना त्यांना बरं वाटतं. काकू मध्येच म्हणाल्या, व्हिएतनामला जा, घरबसल्या 90 दिवसांचा ई-व्हिसा मिळतो. खरंच मिळतो, 2023 च्या ऑगस्टपासून, तोही सिंगल एन्ट्रीचा, म्हणजे एकदाच आत शिरायचा, 25 डॉलरला. पण भाचा फ्रायबुर्गला राहतो त्याला मी काय करू?

मग आम्ही शेंगेन नावाच्या प्रकरणात शिरलो. युरोपातले 29 देश, एक व्हिसा, एवढं ऐकायला छान वाटतं. पुढे गेलं की कळतं, स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही पण शेंगेनमध्ये आहे, आयर्लंड युनियनमध्ये आहे पण शेंगेनमध्ये नाही, म्हणजे आमच्या सोसायटीत पार्किंग कुणाचं आणि मेंबरशिप कुणाची याचा जसा पत्ता लागत नाही तसंच. मुळात शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं एक चिमुकलं गाव, 1985 साली पाच देशांनी तिथे नदीतल्या बोटीवर बसून करारावर सह्या केल्या. हे वाचल्यावर ह्यांना ते गाव बघायचं होतं. मी म्हणलं, आधी तिथला व्हिसा मिळवा.

आता मुख्य नियम. कुठल्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस, आणि आल्याचा नि गेल्याचा दिवसही त्यातच धरायचा. हे 180 दिवस जानेवारी ते जून असे नसतात, तुम्ही तिथे ज्या दिवशी असाल त्या दिवसापासून मागे मोजायचे, रोज नव्याने. ह्यांना हे चार वेळा समजावलं, शेवटी शुगरवर आणलं तेव्हा पटलं: सकाळी उपाशीपोटी रीडिंग छान आलं म्हणून काय झालं, एचबीएवनसीच्या टेस्टमध्ये मागच्या तीन महिन्यांचे गुलाबजाम निघतातच. बरं, 90 च्या वर राहायचं असेल तर त्या त्या देशाचा टाइप डी म्हणून वेगळा व्हिसा लागतो, पण तो शिकायला, नोकरीला, कुटुंबाकडे कायमचं राहायला वगैरे. या वयात शिक्षण नको, नोकरीतून नुकतेच सुटलोय आणि लग्न तर झालेलंच आहे. तेव्हा टाइप सी, आपला साधा टुरिस्टवाला.

साधा म्हणायचा. फॉर्मवर प्रवासाचा हेतू विचारतात, टुरिझम की नातेवाईकांना भेटायला? आम्ही दोन्ही करणार होतो. नातेवाईक म्हणावं तर त्याचं पत्र हवं, आणि खर्च तो करणार असेल तर तिथल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत जाऊन त्याने एक हमीपत्र करून द्यायचं. त्याचं नाव फेरफ्लिष्टुंग्सएर्क्लेरुंग. मी कॉपी-पेस्ट केलंय, मला बोलायला लावू नका. त्यात मामा-मामींचा सगळा खर्च, आजारपणासकट, भाच्याच्या डोक्यावर. त्याने ते वाचलं आणि दोन दिवस फोन आला नाही. ह्यांचा स्वाभिमान बरोब्बर त्याच वेळी जागा झाला, "आपण आपल्या पैशाने जाऊ," त्यामुळे दोन्ही घरांची अब्रू राहिली.

दरम्यान कुठल्यातरी ग्रुपवर ह्यांनी वाचलं की अमका देश व्हिसा पटकन देतो, तिथला घ्यायचा आणि फिरायचं कुठेही. असं नसतं. जिथे सगळ्यात जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा, दिवस सारखे असतील तर आधी जिथे उतरणार तिथे. आमचं गणित लिस्बनला भाड्याची खोली आणि फ्रायबुर्गला भाचा असं होतं, आणि त्याच्या बायकोला त्रास नको म्हणून त्याच्याकडे थोडे दिवस कमी धरले होते. पण थोडे कमी धरले की अर्ज पोर्तुगालकडे जातो, आणि गोळा केलेले कागद तर सगळे जर्मनीच्या यादीप्रमाणे. मग भाच्याला कळवलं, "अरे, आमची अजिबात इच्छा नाहीये, पण नियमच असा आहे की तुझ्याकडे जास्त राहावं लागतंय." पाहुणे म्हणून याहून भक्कम कारण मी आजवर कुणाला दिलेलं नाही.

लंडनला माझी शाळेतली मैत्रीण असते. तिच्याकडे मध्येच आठवडाभर जाऊन परत फ्रायबुर्गला यायचं असा आमचा साधा विचार. पण इंग्लंड शेंगेनमध्ये नाही, म्हणजे लंडनला गेलात की शेंगेनच्या बाहेर पडलात, आणि व्हिसा सिंगल एन्ट्रीचा असेल तर तो तिथेच संपला, उरलेले दिवस नि भाच्याकडे ठेवलेली मोठी बॅग राहिली जर्मनीत. म्हणून मल्टिपल मागा, किंवा लंडन शेवटी टाका आणि तिथूनच घरी या. आम्ही दुसरं ठरवलं. लंडनचे दिवस त्या 90 मध्ये मोजत नाहीत हा वर फायदा. इंग्लंडचा साधा व्हिजिटर व्हिसा सहा महिन्यांचा असतो, जास्त फी भरून दोन, पाच, दहा वर्षांचाही मिळतो, पण एका वेळी राहायचं सहा महिनेच. हे म्हणाले, दहाचाच घेऊन टाकू, वर्षाला स्वस्त पडतो. मी म्हणलं, गुडघ्याच्या डॉक्टरांनी पाचच वर्षांची खात्री दिलीय.

आणि पासपोर्ट एकच! तो शेंगेनवाल्यांकडे असला की इंग्लंडवाल्यांना काय देणार? एकाला साधारण पंधरा दिवस (लांबला तर 45), दुसऱ्याला तीन आठवडे. शेंगेनचा अर्ज सहा महिने आधी करता येतो, इंग्लंडचा तीन महिने आधी, म्हणजे आधी कोण नंतर कोण हे आपोआप ठरलं. या घरात हे एवढं एकच भांडणाशिवाय ठरलं असेल.

कागदांचं मी सांगत बसत नाही, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, इन्कम टॅक्सचं रिटर्न, पेन्शनचे कागद, ते सगळ्यांना पाठ आहे. इन्शुरन्स कमीत कमी 30 हजार युरोचा लागतो आणि त्यात माणूस तिकडेच गेला तर मृतदेह परत आणायचा खर्चही धरलेला असतो. हे ते कलम मोठ्याने वाचून म्हणाले, "चला, येतानाचं तिकीट वाचलं." फोटो 35 बाय 45 मिलिमीटर, हसायचं नाही, त्याची ह्यांना प्रॅक्टिस लागली नाही. सेंटरवर माझ्या बोटांचे ठसे मात्र मशीनला पटेनात. पुसा, दाबा, परत पुसा. चाळीस वर्षं भांडी घासलीत म्हणलं, उरलंय ते घ्या.

खरी गंमत म्हणजे दिवसवार कार्यक्रम. त्यांना रोजचं लिहून हवं असतं, कुठल्या तारखेला कुठे आणि काय बघणार. आणि आम्हाला तर काहीच बघायचं नव्हतं! पहिले चार दिवस मी कॅथेड्रल, टेकडी, बाजार असे रेटले, ब्लॅक फॉरेस्ट दोनदा टाकलं, बाझलला ट्रेनने जाऊन यायचं टाकलं, आणि मग पुढचे रकाने आ वासून बसले. 'आराम' लिहिलं तर संशय येईल का? दोन म्हातारी माणसं एवढे पैसे खर्चून एवढे दिवस आराम करायला का येतायत, परत जाणार ना? परत येणार याचा पुरावा म्हणून घराचे कागद, पेन्शन आणि ह्यांचं सोसायटीच्या खजिनदारपदाचं पत्र जोडलं. खजिनदाराला परत यायला कारण असतं असं तिकडे समजत असावेत. शेवटी एका मंगळवारी मी सरळ लिहिलं, 'नदीकाठी चालणे, बाकावर बसणे.' बुधवारी, 'तेच.'

प्रत्येकी 90 युरो फी, नाकारला तरी परत नाही. पण मिळाला. स्टिकरवर तीन गोष्टी बघायच्या असतात, कधीपासून कधीपर्यंत चालेल, त्यात आत किती दिवस राहायचं आणि एन्ट्री किती. तारखांच्या मध्ये आम्ही मागितल्यापेक्षा पंधरा दिवस जास्त दिसले आणि हे एकदम खूश, "अगं, वाढवून दिलेत!" ते वाढवून नाही, फ्लाइट पुढे-मागे झालं तर म्हणून ती सवलत असते, राहायचे दिवस खाली लिहिलेत तेवढेच. मग म्हणाले, बरं, आहेत त्यातच ब्रसेल्स नि अॅमस्टरडॅम उरकून टाकू, मंगळवार-बुधवार तसेही मोकळे आहेत.

मी म्हणलं, मोकळे कुठे? त्या मंगळवारी आपण बाकावर बसणार आहोत असं जर्मन सरकारला सही करून लिहून दिलंय.