रस्टिकेट

परवा संध्याकाळी शेजारच्या अण्णांनी माझ्या हातातल्या पाइपकडे पाहून "वाळवी लागली का हो?" असे विचारले, आणि त्या प्रश्नात कुचेष्टा नसून खरीखुरी काळजी होती, हेच मला अजून सलते आहे.

पाइप तंबाखूचा आहे. मी तंबाखू ओढत नाही, नुसते पाइप कोरतो. त्याचे लाकूड ब्रायरचे, म्हणजे भूमध्य समुद्राच्या आसपास वाढणाऱ्या एका झुडपाच्या बुंध्याशी जमिनीत धरणाऱ्या गाठीचे. या गाठीच्या पोटात कुठे छिद्र दडले आहे हे कापल्यावाचून कळत नाही, आणि ते निघते तेही वाटी कोरून, दांडीला भोक पाडून, शेवटचा हात फिरवताना, नेमके दर्शनी बाजूला. अशा वेळी सगळा पृष्ठभागच टोचून खडबडीत करतात. कास्तेल्लो या इटालियन कारखान्याने तर अशा पाइपांना 'सी रॉक', म्हणजे समुद्रातला खडक, असे भारदस्त नाव दिलेले आहे.

त्याचे हत्यार मी घरीच केले. ४ मिलिमीटर जाडीचे सात पोलादी खिळे १२ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीत, मध्ये एक आणि भोवती सहा, असे चपखल बसतात. हे गणित निर्दोष आहे. फक्त खिळ्यांना डोकी असतात हे त्यात धरलेले नव्हते. सातही डोकी उडवावी लागली. मग टोके काढताना दोन खिळे ग्राइंडरवर निळे पडले आणि त्यांचे पाणी उतरले. असले टोक ब्रायरवर दाबले की लाकडाऐवजी तेच वाकते. ते बदलून मी सगळे खिळे एपॉक्सीत बसवले, तर रात्रीतून एक खिळा दुसऱ्यांपेक्षा मिलिमीटरभर वर सरकून तसाच घट्ट झाला, आणि माझा अंगठा नळीला चिकटला तो वेगळाच. तीन रविवार गेले. अंगठ्यावरच्या पट्टीची चौकशी मात्र कोणी केली नाही.

अण्णा कारखान्यात माल तपासण्याच्या खात्यातून निवृत्त झालेले आहेत; तपासणे निवृत्त झालेले नाही.

"वाळवी नाही, मुद्दाम केलंय. याला रस्टिकेट करणं म्हणतात," मी म्हणालो.

"कॉलेजातून काढतात ते?"

"ते नव्हे. आत छिद्र निघालं होतं, ते दिसू नये म्हणून."

"किती छिद्रं?"

"एक."

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला, पाइप डोळ्यांजवळ नेला आणि ओठ हलवत मोजायला सुरुवात केली. साठाच्या पुढे गेल्यावर ते थांबले. "म्हणजे एक लपवायला तुम्ही इतकी पाडलीत?"

मी त्यांना पोत म्हणजे काय, उंचवटे घासून खळग्यांत गडद रंग ठेवला की लाकडाला खोली कशी येते, खडबडीत पृष्ठभाग हाताच्या पकडीत कसा बसतो, हे सगळे समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "पण तुम्ही तर ओढत नाही ना?" याला उत्तर नव्हते. शेवटी "जरा घरी दाखवून आणतो" म्हणत त्यांनी पाइप खिशात घातला, आणि मी मूर्ख हुरळलो.

गुळगुळीत म्हणजे चांगले, ही समजूत लोकांच्या हाडीमाशी इतकी भिनलेली आहे की तीन रविवार राबून आणलेला खडबडीतपणा त्यांना अर्धवट सोडलेले कामच वाटतो.

आज सकाळी पाइप परत आला. त्याची उजवी बाजू कानस आणि पॉलिश पेपर वापरून आरशासारखी केलेली होती, आणि ज्या भिंतीआड विस्तव राहायचा ती भिंत तेवढीच पातळ झालेली होती.

"डावीला वेळ पुरला नाही," अण्णा अपराधी स्वरात म्हणाले. मग त्या चकचकीत बाजूच्या ऐन मध्यावर नख टेकवून त्यांनी आवाज खाली आणला. "इथे मात्र एक भोक राहिलंय. तुमच्या नजरेतून सुटलं वाटतं."